माझे बँकांचे शेअर कर्टिसच्या हाती लागू नयेत म्हणून

मी सोल्वेग योनासन, वय एक्याऐंशी, गुरांची निवृत्त डॉक्टर, राहणार आर्बोर्ग, मॅनिटोबा. आज माझ्या स्वयंपाकघरात बसून, डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्या धाकाला किंवा गोड बोलण्याला बळी न पडता, स्वतःच्या हाताने ही माझी अखेरची इच्छा लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी रक्तदाबही तपासला, तो चढलेला निघाला. परंतु रागावलेल्या माणसाने मृत्युपत्र करू नये असं कोणत्याही कायद्यात म्हटलेलं नाही. हे मी वकिलाला विचारून घेतलं आहे.

कलम १. याआधी केलेली माझी सर्व मृत्युपत्रं मी रद्द करते. विशेषतः ज्यात माझी बहीण इंगा हिचा मुलगा कर्टिस ब्यार्नासन याला व्यवस्थापक आणि अर्ध्या मिळकतीचा वारस नेमलं होतं, ते. तो कागद मी चुलीत घातला. त्याची प्रत कुठे सापडलीच तर तीही त्याच कामी लावावी. व्यवस्थापक म्हणून मी इंगाची मुलगी लिली हिला नेमते. ती शाळेची बस चालवते. उणे तीस अंशांत, बर्फाच्या रस्त्यावरून, मागे लोकांची पोरं बसवून ती ज्या बेताने गाडी हाकते, तेवढा बेत मला माझ्या इस्टेटीसाठी पुरे आहे.

कलम २. घर, घराभोवतीची जमीन आणि तळ्याकाठची बापाची मासेमारीची झोपडी लिलीला द्यावी. झोपडीचं छप्पर गळतं. ते तिला माहीत आहे.

कलम ३. वासरं ओढायच्या साखळ्या, खुरांचे चाकू आणि माझी औषधांची पेटी दवाखान्यात आलेल्या नव्या डॉक्टरणीला द्यावी. पश्चिमेकडच्या रस्त्यावरच्या गिस्लासन कुटुंबाने यातलं काहीही उसनं मागितलं तरी देऊ नये. म्हातारा हाल्डोर गिस्लासन मी नोकरीला लागले त्या पहिल्या हिवाळ्यात गोठ्याच्या दारात आडवा उभा राहून म्हणाला होता, "बाई कशाला पाठवली? डॉक्टर पाठवा." मी त्याची गाय सोडवली, वासरू जिवंत काढलं. त्याने आभार मानले ते मला गाडीतून घेऊन आलेल्या माणसाचे. हाल्डोर मेला, पण त्याची पोरं तो किस्सा अजून हसत हसत सांगतात.

कलम ४. आता शेअर. हे कलम लांबणार आहे. वकील म्हणाले, थोडक्यात लिहा. मी त्यांना म्हटलं, तुमची फी तासावर आहे, माझा राग नाही.

माझ्या नावावर आपल्या देशातल्या मोठ्या बँकांचे आणि दोन विमा कंपन्यांचे शेअर आहेत. ते सर्वच्या सर्व लिलीला द्यावेत. त्यांच्यावर मिळणाऱ्या लाभांशावर तिने जगावं. शेअर मोडून खाऊ नयेत. गाय दुधासाठी पाळतात, लिली.

हे शेअर मी एकटीने निवडलेले नाहीत. इंगाने आणि मी निवडले. इंगा माझ्यापेक्षा चार वर्षांनी धाकटी, इस्पितळात स्वयंपाकीण, तरुणपणीच विधवा झालेली. दरवर्षी पानं झडली की तिच्या घरी टेबलावर वार्षिक अहवाल पसरायचे, आलुबुखाऱ्याच्या थरांचा केक कापायचा, दातांत साखरेचा खडा धरून कॉफी प्यायची आणि भांडायचं. कोणती बँक गेल्या मंदीतही लाभांश न कापता देत आली? नफ्यातला किती वाटते आणि किती हाताशी ठेवते? बुडणाऱ्या कर्जांसाठी आधीच काही बाजूला काढलंय का, की सगळं छान छान चाललंय? विमा कंपनीने लोकांना जन्मभराची वचनं दिलीत, ती व्याजाचे दर पडले तर कशी पाळणार? इंगा नेहमी खोलात शिरायची. "या बाईंनी टोरोंटोच्या फ्लॅटवाल्यांना केवढं कर्ज वाटलंय बघ," असं ती म्हणायची. बँकेला ती बाई म्हणायची.

जनावर घेताना जो फक्त "दूध किती देते" एवढंच विचारतो तो फसतो. खाते काय, खूर कसे आहेत, मागच्या दुष्काळात कशी तगली, हे बघायचं. आणि शेजारच्या गाईंच्या दुप्पट दूध देते असं कुणी सांगितलं तर तिथून चालू लागायचं. मोठा लाभांश हा बहुतेक वेळा ताप असतो. अंग गरम लागतं म्हणून जनावर धडधाकट नसतं. लिली, यापलीकडे मला काही येत नाही. एका विमा कंपनीच्या बाबतीत मीही चुकले. दोन हजार नऊमध्ये तिने लाभांश अर्ध्यावर आणला. मी ती विकली आणि पुढे चालू लागले.

त्याच वर्षाची गोष्ट. मार्च महिना. शेअरांचे भाव निम्म्यावर आले होते. मोठ्या बँकांनी मात्र लाभांश एका सेंटानेही कमी केला नव्हता. मी रोज इंगाला फोन करून सांगायचे, "भाव बघू नकोस. लाभांश आला ना? मग खिडकीबाहेर बघ." ती म्हणायची, "बघतेय."

त्याच सुमारास कर्टिस विनिपेगहून आला. तो तिथल्या एका गुंतवणूक कंपनीत सल्लागार झाला होता. नवा कोट, नवी गाडी. आईला म्हणाला, "आई, बुडत्या बोटीत बसलीयेस तू. मावशीचं ऐकू नकोस. तिला गाईगुरांतलं कळतं, पैशातलं नाही." इंगाचे सगळे शेअर त्याने तळाच्या भावात विकायला लावले. ते पैसे गहाणावर कर्ज देणाऱ्या एका कंपनीत घातले. ती वर्षाला अकरा टक्के देणार होती. अकरा! ती कंपनी खपवण्याबद्दल कर्टिसला दलाली मिळाली. आईच्या पैशावर मुलाने दलाली घेतली, हे वाक्य मी मुद्दाम अधोरेखित करते आहे.

इंगाने मला सांगितलं नाही. पुढची तीन वर्षं पानं झडली की ती माझ्यासमोर बसली, अहवाल उलटले, माझ्याशी भांडली. मी निघताना केकचा तुकडा बांधून दिला.

दोन हजार बाराच्या जानेवारीत मी तिच्याकडे पिकरेल मासे घेऊन गेले. ती स्वयंपाकघरात कोट, टोपी आणि हातमोजे घालून बसली होती. श्वासाची वाफ दिसत होती.

"घर तापवायची भट्टी बिघडली का गं?"

"नाही."

"मग तेल भरून घेतलं नाहीस?"

"पुढच्या महिन्यात घेईन."

"पुढच्या महिन्यात तू इथे बसलेली सापडशील, लाकडासारखी. लाभांश आला असेल की तुझा."

तिने हातमोजे काढले. मग म्हणाली, "सोल्ला, माझ्याकडे त्या बँकांचा एकही शेअर नाही. कर्टिसने विकायला लावले. आता त्या दुसऱ्या कंपनीने पैसे देणं बंद केलंय."

"कधी विकलेस?"

"तीन वर्षं झाली."

"आणि आपण इथे बसत होतो ते काय होतं?"

"तू येत होतीस ना," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर तू त्याला जिवंत सोडलं नसतंस. आणि माझ्याकडे आली नसतीस."

मी आले असते. हे मला त्या दिवशी तिला सांगता आलं नाही, कारण मी ओरडत होते. मासे टेबलावर आपटले, एवढं आठवतं.

तिचं घर विकावं लागलं. ती माझ्याकडे राहायला आली, लिली रोज बस लावून झाली की यायची. दोन वर्षांनी, नोव्हेंबरात, इंगा माझ्या मागच्या खोलीत वारली. चर्चच्या तळघरात दफनानंतरचं जेवण चालू होतं, तेव्हा कर्टिस सँडविच हातात धरून कुणाला तरी सांगत होता, "बाजार आहे हो, कुणाला काय कळतं!" मी म्हणाले, "तुझ्या आईला कळत होतं." तो म्हणाला, "मावशी, माझेही पैसे बुडाले त्यात." मी म्हटलं, "तुझे तुझ्या हाताने बुडाले. तिचे तुझ्या हाताने बुडाले. बेरीज करू नकोस." त्यानंतर आम्ही बोललेलो नाही.

म्हणून लिहिते. माझ्या एकाही शेअरवर, त्याच्या लाभांशावर, किंवा लिलीने त्यातून घेतलेल्या कशावरही कर्टिस ब्यार्नासन याचा कसलाही हक्क असणार नाही. लिलीने त्याचा सल्ला विचारू नये. त्याने न विचारता दिला तर कॉफी द्यावी आणि विषय बदलावा. लिली माझ्याआधी गेली तर हे शेअर इस्पितळाच्या स्वयंपाकघराला जावेत, तेही विकू नयेत या अटीवर.

कलम ५. हे कलम वेगळ्या शाईत आहे, कारण ते आज सकाळनंतर लिहिलं.

मी मृत्युपत्र करते आहे हे लिलीने त्याला सांगितलं असावं. दार वाजलं, उघडलं तर कर्टिस. केस पांढरे झालेत. कंपनीने केव्हाच काढून टाकलंय, आता तो वाळू-खडीचा ट्रक चालवतो. पायपुसण्याच्या पुढे पाऊल टाकलं नाही.

"पैशासाठी आलो नाही, मावशी."

"पैसे मिळणारही नाहीत."

"माहीत आहे. आईच्या थडग्यावर अजून दगड नाही. मी करून आणलाय. ट्रकमध्ये आहे. बसवायला तुझी परवानगी हवी, जागा तुझ्या नावावर आहे म्हणून."

मी बाहेर जाऊन दगड बघितला. करडा, साधा. नाव बरोबर लिहिलं होतं, जन्माचं वर्षही. खाली दुसरं काही नव्हतं, देवदूत नाही, कबुतर नाही.

"किती हप्ते आहेत याचे?" मी विचारलं.

"संपले. दोन वर्षं भरत होतो."

"तेव्हाच येऊन का नाही सांगितलंस? मंदीत, तिचे शेअर विकल्यावर लगेच?"

"तू बंदूक काढली असतीस."

"काढली असती."

"म्हणून नाही आलो," तो म्हणाला आणि रडायला लागला, एवढा पन्नाशीचा माणूस, माझ्या अंगणात. मी त्याला घरात घेतलं नाही. थंडी होती, तरी नाही घेतलं. दगड बसवायला होकार दिला.

मी त्याला क्षमा केलेली नाही, हे वाचणाऱ्याने नीट समजून घ्यावं. वरच्या कलमांतला एकही शब्द मी बदलत नाही. फक्त एवढंच: माझी शवपेटी उचलायला सहा माणसं लागतात आणि माझ्या वयाचे आता फार कुणी उरलेले नाहीत. माणसं कमी पडली, आणि कमी पडली तरच, कर्टिसला मागची डावी बाजू द्यावी. चर्चच्या पायऱ्या उतरताना सगळा भार तिथे येतो. त्याने तो धरावा आणि खाली येईपर्यंत सोडू नये.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला. माझ्या मनात आहे ते यात आले आहे, आणि मनात नसलेले यात काही नाही.

स्थळ: आर्बोर्ग, मॅनिटोबा
दिनांक: १४ ऑक्टोबर २०१६

(सही) सोल्वेग योनासन

आम्हा दोघांसमक्ष, आणि आम्ही एकमेकांसमक्ष, वरील बाईंनी शुद्धीत व रागात सही केली:

१. डेनिस पेत्राश्को, शेजारी
२. मार्गरेट ओलाफसन, औषधविक्रेती. ("व रागात" हे शब्द सोल्वेगच्या आग्रहावरून घातले आहेत.)