दगडाला चरबी कोण लावणार

मी, मेल्चोरा तुर्पो युक्रा, वय एकाहत्तर, राहणार औसांगाते डोंगराखालची वस्ती, कुस्को, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाविना सांगून लिहवीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांचे इथे काम नाही.

१. घर आणि बटाट्याचे शेत मुलगा फोर्तुनातो याला. तो कुस्को शहरात राहतो, पण छपराचे पत्रे त्यानेच घातले आहेत.

२. लोकरीचे सगळे अल्पाका, त्यांचे कुरण, माग आणि कात्र्या मुलगी सेराफिना हिला. माझे दीर कुरणावर हक्क सांगतील. त्यांना सांगावे, गारपिटीच्या वर्षी तिथे कळप राखायला मी एकटी होते.

३. दगडाचा अल्पाका. मुठीएवढा, पाठीत खळगा, इन्कांच्याही आधीच्या माणसांनी घडवलेला. सासूबाईंनी माझ्या हाती दिला. दर ऑगस्टला जमीन भुकेली होते, तेव्हा खळग्यात चरबी आणि कोकाची पाने भरायची. तो जेवला की कळप वाढतो.

तीन वर्षांपूर्वी फोर्तुनातोने तो साबण लावून घासला. "आई, किती कळकट झाला होता. बघ, कसा लख्ख निघाला!" चार पिढ्यांची चरबी ओढ्यात गेली. त्या वर्षी अकरा पिल्ले दगावली. थंडीही होती, नाही म्हणत नाही. पण वर्षभर मी त्याच्याशी बोलले नाही, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

मग त्यानेच संग्रहालयाचे साहेब आणले. मी विचारले, "काचेच्या पेटीत याला चरबी कोण लावणार?"

"मावशी, दगडाला कुठे भूक लागते?"

"मग दगडासाठी तुम्ही चार तास चढून कशाला आलात?"

साहेबांनी मी दिलेले सूप प्यायले.

लेखनिक म्हणतात, असा दगड कायद्याने सरकारचा, तो मृत्युपत्रात देता येत नाही. बरे. दगड मी देत नाही. त्याला जेवू घालायचे काम देते. ते सरकारने अजून मागितलेले नाही.

४. हे काम सेराफिनाचे. मात्र ऑगस्टच्या पहिल्या तारखेला पहिली चरबी फोर्तुनातोने स्वतःच्या हाताने भरावी. ज्याने धुतले त्याने भरायचे. एक ऑगस्ट चुकला तर घरही सेराफिनाचे.

हे वाचून दाखवल्यावर फोर्तुनातोने विचारले, "आणि वाटेत बर्फ पडलं तर?"

"आदल्या दिवशी निघ," मी म्हटले. हेही लिहून घ्यावे.

ओकोंगाते, १४ जून २०१९
मेल्चोरा तुर्पो युक्रा (डावा अंगठा)
साक्षीदार: एवारिस्तो सुत्ता (शेजारी), होविता चोके (सुईण)
ऐकले, मान्य: फोर्तुनातो. एकतीस जुलैला निघेन.