अठ्ठ्याऐंशी हा आकडा नव्हे

मी, उना मेव्हिस ट्रेगेन्झा, कै. क्लेम ट्रेगेन्झा याची बायको, वय एक्याऐंशी, राहणार दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एलिस्टन गावाबाहेर खाऱ्या तळ्याच्या रस्त्यावर, लाल पत्र्याच्या घरात, हे माझं मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, दिवसाउजेडी, चहा पिऊन झाल्यावर लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. छातीचं तसं सांगता येत नाही, पण मृत्युपत्राला डोकं लागतं, छाती नाही, असा वकीलबाईंचा निर्वाळा आहे. माझ्यावर कुणाचा दाब नाही. असता तरी मी जुमानला असता, असं या गावात कुणी म्हणणार नाही.

माझी शाळा सातवीला सुटली आणि तेव्हापासून मेंढ्या कातरायला येणाऱ्या टोळ्यांना मी रांधून घालत आले, तेव्हा शुद्धलेखनाला हसू नये. वकीलबाई सगळं नीट छापून देणार होत्या. दिलंही. पण त्या मजकुरात मीच मला सापडेना, म्हणून हा हाताचा.

याआधी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. ते मी रागात केलं होतं. हे आनंदात करते आहे. का, ते टेकडीच्या कलमात येईल. जॉरी, पानं उलटून पुढे बघू नकोस.

कलम पहिलं, घर आणि शेत. लाल पत्र्याचं घर, गव्हाची जमीन, मेंढ्या आणि दोन्ही ट्रॅक्टर माझा मुलगा जॉरी याला. त्याने तिथे राबून राबून पाठ वाकवली आहे, त्याचं त्याला मिळावं. भट्टीचं दार लाथ मारल्याशिवाय लागत नाही. लाथ डाव्या पायाची. बँकेत जे काही उरेल ते जॉरी आणि त्याची बहीण लव्हडे यांनी निम्मं निम्मं घ्यावं आणि भांडू नये. भांडायचंच असेल तर मी असताना भांडा, मला तेवढीच करमणूक.

कलम दुसरं, स्वयंपाकघर. पेस्टीचा, म्हणजे आमच्या मटण-बटाट्याच्या करंजीचा, पाट, लाटणं आणि केशराच्या केकचा डबा माझी नात टॅम्सिन हिला. टॅम्सिन ही लव्हडेची मुलगी. यंदाच्या हिवाळ्यात ती पश्चिमेकडून आमच्या गावच्या दवाखान्यात नर्स म्हणून आली आणि माझ्याकडेच राहते. तिला पेस्टीच्या कडेला मुरड घालता येते. माझ्या सुनेला पंचवीस वर्षांत आली नाही, पण ती मेंढीचं अवघडलेलं बाळंतपण एका हाताने करते, तेव्हा ज्याचं त्याला.

टॅम्सिनने परवाच रेडिओवरून बोलायच्या परवान्याची परीक्षा दिली आणि पास झाली. तिला स्वतःचं लायसन आलं! मी ही बातमी पोस्टात, बेकरीत आणि चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना सांगितली. पाद्रीबाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा सांगितली.

कलम तिसरं, शेजारी मर्व कूलमन. मर्वला काहीही नाही. त्याचं विजेचं कुंपण गेली तीस-एक वर्षं आमच्या रेडिओत टक, टक, टक करत आलं आहे. क्लेम दर जानेवारीला त्याच्याकडे जायचा. "मर्व, शनिवार-रविवार तेवढं बंद ठेव की रे." आणि मर्व म्हणायचा, "माझ्या बैलांना सांग, ते तुझ्या शर्यतीत नाव घालतात का बघ." जी बारीकशी हाक शेकडो मैलांचा समुद्र ओलांडून यायची, ती या टकटकीत आमच्या दारात येऊन बुडायची. मी मर्वला माफ केलेलं नाही. मात्र ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या, त्यामुळे मर्व साक्षीदार व्हायला अगदी योग्य आहे.

कलम चौथं, कप. क्लेमने जिंकलेला चांदीचा कप कुणालाच नाही. त्यात मी कपडे वाळत घालायचे चिमटे ठेवते. चिमटे जॉरीला. कपाची गोष्ट पुढच्याच कलमात आहे, कारण हा कप आणि ती टेकडी एकाच दुखण्याची दोन टोकं.

कलम पाचवं, टेकडी. घरामागची टेकडी, तिच्यावरचं पत्र्याचं खोपटं, अँटेनाचा खांब, जनरेटर आणि क्लेमचा रेडिओ.

जानेवारीत हौशी रेडिओवाल्यांची व्हीएचएफ नावाची स्पर्धा असते. एका शनिवार-रविवारात हवेतून जेवढ्या लोकांना गाठता येईल तेवढं गाठायचं, जितकं लांबचं माणूस तितके गुण जास्त. बोलणं म्हणजे काय, तर आवाज कसा येतो त्याचे दोन आकडे आणि तुमचा हा कितवा संपर्क तो नंबर. समोरच्याने "मिळालं" म्हटलं की पुढे. "मिळालं" आलं नाही तर तुम्ही कितीही ओरडलात तरी ते बोलणं झालेलंच नाही, असा नियम. मला हा नियम फार आवडतो. घरात लावला असता तर कितीतरी भांडणं वाचली असती.

हा आवाज एरवी डोंगरापलीकडे जात नाही. पण जानेवारीच्या कडक उन्हाळ्यात, वारा पडला की आमच्यापुढच्या बाइट नावाच्या उपसागरावर गरम हवेचं झाकण बसतं आणि त्याखालून आवाज घसरत घसरत थेट पश्चिमेला ऑल्बनीला पोचतो. आम्ही म्हणतो, आकाश उघडलं. कधी सकाळभर उघडतं, कधी एका चहापुरतं, कधी अख्खा जानेवारी नाही. क्लेम बोलायचा, आकडे मी वहीत लिहायची. आकड्यांना शुद्धलेखन नसतं. जॉरी लहान असताना खांब हाताने पश्चिमेकडे वळवायचा आणि कुरकुरायचा. लव्हडे मात्र बापाच्या मांडीवरच शिकली. सोळाव्या वर्षी लायसन, आणि आवाज असा की टकटकीतूनही आरपार जायचा.

मग तिने ऑल्बनीच्या एका सुताराशी लग्न ठरवलं. चर्च मोकळं होतं ते नेमकं जानेवारीतल्या त्या शनिवारी.

क्लेम म्हणाला, "वर्षात बावन्न शनिवार. तुला हाच सापडला?"

लव्हडे म्हणाली, "बाबा, शनिवार बावन्न आहेत. मुलगी एकच आहे."

मी लग्नाला गेले. तो टेकडीवर गेला. त्या वर्षी कप जिंकला. चिमट्यांचा कप तो हाच.

त्यानंतर लव्हडे फोन करायची तो मला. क्लेमने उचलला तर म्हणायची, "आईला दे." आणि मला बजावून सांगितलं तिने, "बाबाला माझ्याशी बोलायचं असेल तर नंबर घेऊन बोलू दे." तिने तिथे छपरावर अँटेना चढवली होती. झालं! दर जानेवारीला आकाश उघडलं की दोघं स्पर्धेत एकमेकांना गाठायची. ऑल्बनीचे गुण क्लेमला सोडवत नव्हते, एलिस्टनचे तिला सोडवत नव्हते. बापलेकीचं वर्षभराचं बोलणं एका दमात संपायचं: पाच नऊ, शून्य बारा. मिळालं. पाच सात, शून्य वीस. मिळालं. मी पेन्सिल धरून बसायची आणि तिचा आवाज जाडा झाला का, सर्दी आहे का, एवढं त्या आकड्यांतून ओळखायची. क्लेमही ओळखायचा. म्हणायचा, "दमलीय." एवढंच.

त्याच्या शेवटच्या जानेवारीत त्याचे गुडघे गेलेले होते. तरी त्याला चढायचंच होतं. जॉरीने शिव्या देत देत गाडीने वर नेलं. सकाळी समुद्र ताटासारखा सपाट. आकाश उघडलं आणि लव्हडे आली, पण आवाज लाटेसारखा चढत-उतरत होता आणि मर्वचं टकटक चालूच. क्लेम म्हणाला, "पाच नऊ, शून्य एकतीस." नेहमी तिथे तो बटण सोडायचा. त्या दिवशी सोडलं नाही. माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे, आणि म्हणाला, "अठ्ठ्याऐंशी, पोरी."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. रेडिओवाले निरोप घेताना त्र्याहत्तर म्हणतात, म्हणजे बरंय, भेटू. ते ते कुणालाही देतात, मर्वलासुद्धा दिलं असतं. अठ्ठ्याऐंशी म्हणजे माया आणि मुके. ते क्लेमने मला उभ्या जन्मात एकदा दिलं होतं, तेही पेट्रोल पंपावर, टाकी भरेपर्यंत.

पलीकडून आलं, "मिळालं. पाच पाच, शून्य चौदा." आणि आकाश मिटलं.

"ऐकलंस?" क्लेम म्हणाला. "मिळालं म्हणाली."

"उलट कुठे दिलं पण?"

"देईल पुढच्या वर्षी. तू फोनवर काही बोलू नकोस हं, उना. हे वाऱ्यावरचं आहे, वाऱ्यावरच राहू दे."

टेकडी उतरेपर्यंत तो "मिळालं, मिळालं" असं पुटपुटत होता. एप्रिलमध्ये, थंडी सुरू होताना तो गेला.

लव्हडे मातीला आली, खांबासारखी ताठ उभी राहिली आणि परत गेली. मी मनात म्हटलं, काय दगडाची पोर! बापाने माया दिली, हिने मिळालं म्हटलं आणि खिशात घातली. खोपट्याला मी कुलूप लावलं. टेकडी जॉरीच्या नावे लिहिली. त्याला तिथे मोबाइलवाल्यांचा टॉवर हवा आहे. आणि दर जानेवारीला, वारा पडला की, मी मागच्या दारात पश्चिमेकडे कान करून बसायची. रेडिओ बंद, कुलूप लागलेलं, आणि ही बाई ऐकत बसली आहे. माणसाचं काय सांगावं.

आता आनंदाची गोष्ट. गेल्या महिन्यात मी आणि टॅम्सिन पेस्टीला मुरड घालत होतो.

"आजी, आजोबांचा शेवटचा नंबर खरा कितवा होता गं?"

"कसला नंबर?"

"आईने चुकीचा ऐकला ना. आवाज सारखा बुडत होता, तिला एवढंच मिळालं, अठ्ठ्याऐंशी. तिने ते लिहिलं. स्पर्धेच्या तपासणाऱ्यांनी दोघांच्या वह्या जुळवून तो संपर्कच कापून टाकला, आजोबांचा नंबर भलताच होता म्हणून. आई अजून म्हणते, बाबाचं शेवटचं बोलणं, आणि तेही मला धड ऐकता आलं नाही."

मी खुर्चीवर बसले आणि हसायला लागले. थांबताच येईना. टॅम्सिनला वाटलं छातीचं काही झालं. पिठाच्या हातांनीच तिने माझी नाडी धरली. मी म्हटलं, "नाडी सोड, फोन आण."

"लव्हडे," मी म्हटलं, "अठ्ठ्याऐंशी हा आकडा नव्हता गं."

"मग काय होतं?"

"रेडिओवाली तू की मी?"

तिने आकडा एकदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिला. मग म्हणाली, "आई, मला वाटलं म्हातारा अठ्ठ्याऐंशीपर्यंत पोचला. गुडघे धरून बसलेला माणूस, आणि भर सकाळीच अठ्ठ्याऐंशी! मी घरभर सांगत सुटले होते."

"एकतीसवरच होता तो लबाड."

"आणि मी काय म्हणाले होते?"

"मिळालं म्हणालीस. स्वच्छ. ते घेऊनच गेला तो."

मग ती रडली, मी तिला रडू दिलं, पेस्ट्या करपल्या. शेवटी म्हणाली, "पण मी उलट दिलं नाही."

"मग ये आणि दे."

"तिथे येऊन काय देऊ? त्याने तिथून इथे दिलं. माझं इथून तिथे जायला हवं. येत्या जानेवारीत आकाश उघडलं की देते. पण आई, टेकडीवर कुणीतरी पाहिजे. कुणी मिळालं म्हटल्याशिवाय ते झालंच नाही."

म्हणून हे कलम. टेकडी, खोपटं, खांब आणि रेडिओ माझी मुलगी लव्हडे हिला, तिच्यानंतर टॅम्सिनला. टॉवर टेकडीवर नको. जॉरी, खालचा माळ तुझाच आहे, तिथे हवं तर आयफेल टॉवर बांध. कुलपाची किल्ली चिमट्यांच्या कपात आहे.

कलम सहावं, जानेवारी. डॉक्टर म्हणतात, उन्हाळा जपून. मी जपतेच आहे. जगले तर मी स्वतः वर जाईन. टॅम्सिन शेजारी बसेल, लायसन तिचं. मी आजवर त्या बटणाला हात लावलेला नाही, या वेळी लावीन. इतकी वर्षं मी फक्त लिहून घेत आले. एकदा मला तिच्याशी त्या हवेतून बोलायचं आहे.

मी नसले तर टॅम्सिनला घेऊन जॉरीने जावं. माझं दुखवट्याचं जेवण त्या शनिवारी आलं तर पुढे ढकलावं. एकदा शनिवारावरून घर मोडलं, तेवढं पुरे. जॉरीने जनरेटर लावावा, खांब पश्चिमेकडे वळवावा आणि कुरकुर न करता बसावं. या जानेवारीत आकाश उघडलं नाही तर पुढच्या, नाहीतर त्याच्या पुढच्या. आकाशावर कलम चालत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. माझं म्हणणं, मी आकाशाला नाही, जॉरीला सांगते आहे.

बाळा, बहिणीचा आवाज येईल तेव्हा विनोद करायचा नाही. ती नंबर देईल, मग थोडी थांबेल, मग ते म्हणेल. बुडालं तर पुन्हा मागायचं, लाजायचं नाही. नीट कानात पडलं की बटण दाबायचं आणि बापाच्या वतीने म्हणायचं, मिळालं.

आणि ते वहीत लिहायचं नाही. तो आकडा नव्हे.

हे सगळं मी पुन्हा वाचून पाहिलं, खाडाखोड माझीच आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करते.

सही: उना मेव्हिस ट्रेगेन्झा

साक्षीदार पहिली: आयव्ही नॅनकिव्हेल, पोस्टात काम. उनाबाईंनी माझ्यासमोर सही केली, मीही त्यांच्यासमोर. त्या पूर्ण शुद्धीत होत्या आणि माझी सहीची जागा चुकली म्हणून रागावल्या.

साक्षीदार दुसरा: मर्व्हिन कूलमन, शेजारी. मला काही मिळालेलं नाही हे खरं. कुंपण जानेवारीत बंद ठेवीन. बैलांना सांगितलं आहे.

ठिकाण: एलिस्टन, दक्षिण ऑस्ट्रेलिया
तारीख: १९ नोव्हेंबर २०२४