डावीकडचा उंचवटा

३ फेब्रुवारी, सोमवार

कडी आली! पावणेअकराला पहिली प्लेट हातात. पाच दिवस यंत्रातली हवा उपसत बसलो, त्याचं चीज झालं. वरून इलेक्ट्रॉनचा झोत, त्याला आडवा वायूचा बारीक फवारा, आणि खाली प्लेटवर एकात एक करडी कडी. पंचवीस वर्षं बघतेय, तरी पहिली प्लेट उजेडात धरताना हात गार पडतात. या कड्यांवरून अणू-अणूंमधलं अंतर काढायचं. जे जन्मात डोळ्यांना दिसणार नाही, ते मापायचं!

द्रव्य दादाच्या प्रयोगशाळेतलं. आग विझवायच्या नळकांड्यांत भरण्यासाठी एका कंपनीने त्याच्याकडून बनवून घेतलंय. रेणूचा नेमका आकार त्यांना आमच्याकडून हवाय. वाफ पटकन होत नाही, म्हणून फवाऱ्याचं तोंड तीनशे अंशांवर तापवलं. ते तोंड वर्कशॉपच्या काकांनी तांब्यातून कातून दिलं. देताना म्हणाले, "सांभाळा हो बाई. काकूचे झुमके घडवताना एवढा जीव लावला नव्हता."

भाऊ बनवतो, बहीण मापते. आई असती तर गावभर सांगत सुटली असती.

४ फेब्रुवारी

शेजारच्या खोलीतून आकडेबाई आली. (सगळे तिला तेच म्हणतात, तिलाही आवडतं.) ती कडी बघतच नाही. नुसत्या गणिताने, संगणकावर, रेणू कसा असेल ते सांगते. तिचं गणित आणि माझी मापं जुळली की काम फत्ते.

जुळली. एक जागा सोडून. अणूंमधल्या अंतरांच्या आलेखात अगदी डावीकडे, १.१८ अँगस्ट्रॉमपाशी, एक बारीक उंचवटा आहे. तिथे काहीच असायला नको.

"तुमच्या मापातली खरखर असेल, ताई."

असेल.

६ फेब्रुवारी

खरखर नाही. चार प्लेटा काढल्या — चारही वेळा तिथेच. इतकं आखूड अंतर कार्बन आणि ऑक्सिजनच्या दुहेरी बंधाचं असतं. दादाच्या रेणूत तसा बंधच नाही. म्हणजे माझ्या फवाऱ्यात आणखी कुणीतरी आहे. न बोलावता आलेलं.

आकडेबाईला म्हटलं, शोध. ती म्हणाली, पंधरा-वीस रेणू तपासावे लागतील, सोमवार-मंगळवार उजाडेल.

७ फेब्रुवारी

डोक्यात किडा वळवळतोय. जेवताना ह्यांनी दोनदा विचारलं, काय झालं? काही नाही म्हटलं. भात तसाच राहिला.

१० फेब्रुवारी, सोमवार

दादाने पाठवलेली दुसरी सीलबंद बाटली लावली. पुन्हा उंचवटा! जरा मोठाच.

साहेब डोकावून गेले. "शेपटाएवढ्या गोष्टीसाठी किती दिवस अडून बसणार? तेवढा भाग सोडून अहवाल द्या."

सापळा भरला होता. फवाऱ्यातून गेलेली वाफ त्यात गोठून बसते, आठवड्याने रिकामा करायचा. तिसरी बाटली लावायची घाई होती. काका म्हणाले, वायू ओढणाऱ्या कपाटाचा पंखा जळलाय, उद्या बसवतो, मग करू. मी म्हटलं, "मागच्या खोलीत खिडकी उघडून करा ना. तेवढ्याने काय होतंय!"

अर्ध्या तासाने आले. रुमालाने डोळे पुसत होते. "बाहेर गवत कापलंय का हो कुणी? मस्त वास सुटलाय."

११ फेब्रुवारी, मंगळवार

इस्पितळाच्या बाकावर लिहितेय. दुपारचे चार. अक्षर वेडंवाकडं येतंय.

सकाळी साडेनऊला आकडेबाई आली, दार लावून घेतलं, एक कागद पुढे सरकवला. अठरा रेणू तपासले होते, सतरा बसले नाहीत. एक बसला — डावीकडचा उंचवटा, क्लोरीनची अंतरं, सगळं. फॉस्जीन. शंभरात अकरा भाग.

युद्धात माणसं मारायला सोडलेला वायू. हुंगला तर डोळे चुरचुरतात, बस. माणूस हसतो, जेवतो, कामं उरकतो. मग काही तासांनी, कधी एका दिवसानेही, फुप्फुसांत पाणी भरायला लागतं.

मला फक्त दादा दिसला. या बाटल्या तो स्वतःच्या हाताने भरतो! लगेच फोन केला.

"दादा, तुझ्या मालात फॉस्जीन आहे."

"काहीतरीच काय!"

"मी मापलंय."

"ठमे, तीस वर्षं हेच करतोय मी."

"म्हणूनच हात ढिला पडला असेल."

बोलायला नको होतं. त्याने फोन ठेवला. मी परत लावला, त्याने उचलला नाही. मग वहिनीला लावला — त्याला खोकला आहे का? दम लागतो का? ती घाबरून गेली. दोन तास यात गेले. पूर्ण दोन तास!

पावणेबाराला त्याचा फोन. आवाज कोरडा. "सगळ्या बाटल्या तपासल्या. मीही, शेजारच्या प्रयोगशाळेनेही. स्वच्छ आहेत. फवाऱ्याचं तोंड किती तापवलं होतंस?"

"तीनशे."

"मग ते तुझ्याकडेच तयार होतंय. तापल्या धातूवर." मग म्हणाला, "वापरलेली वाफ कुठे जाते गं तुझ्याकडे?"

सापळा! काकांचे चुरचुरणारे डोळे, आणि तो कापलेल्या गवताचा वास — फॉस्जीनचा वास तसाच असतो.

वर्कशॉपला कुलूप. काकांनी आज रजा टाकलेली, नातीच्या शाळेत कार्यक्रम. घर गाठलं. अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते, चेहरा टवटवीत. मला बघून आत हाक मारली, "अगं, बाई आल्यात, चहा टाक!"

"चहा नको. गाडीत बसा."

"मला काय धाड भरलीय?"

कसं सांगितलं आठवत नाही. काकूंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि त्यांना दंडाला धरून उठवलं. वाटेत ते माझीच समजूत काढत होते — "उगाच घाबरता. ठणठणीत आहे मी." इस्पितळातला डॉक्टरही तेच म्हणाला. छाती साफ आहे, घरी न्या. मी कागदावर वायूचं नाव लिहून त्याच्या हातात दिलं. ते वाचून त्याचा आवाज बदलला. ठेवून घेतलं.

अडीच वाजता काका बोलता बोलता थांबले. म्हणाले, जिना चढल्यासारखं वाटतंय. ते पलंगावर पडून होते.

१२ फेब्रुवारी

काकांच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा, छातीतून घुरघुर. काकू माझ्याकडे बघतात. रागावल्या असत्या तर बरं.

दादा आला. माझ्या शेजारी बाकावर बसला, पाण्याची बाटली उघडून हातात दिली. मी माफी मागायला तोंड उघडलं. "आधी पाणी पी," म्हणाला.

१३ फेब्रुवारी

वाचले! डॉक्टर म्हणाला, घरी असते तर संध्याकाळ काढली नसती. फुप्फुसं पूर्वीसारखी होणार नाहीत, पण वाचले. मुखवटा बाजूला करून मला पहिलं वाक्य काय म्हणावं — "ते तांब्याचं तोंड फेकलं नाहीत ना?"

बाहेर जाऊन रडले.

मग काकूंना सगळं सांगितलं. पंख्याचं, घाईचं, खिडकीचं. त्या म्हणाल्या, "खिडकी तुम्ही सांगितलीत. घरी धावत पण तुम्हीच आलात. दोन्ही लक्षात ठेवीन." मला तेवढंच मिळायला हवं होतं. जास्त नाही.

१४ फेब्रुवारी

तोंड फक्त नव्वद अंशांवर ठेवून मापलं. वाफ नावापुरती, म्हणून एका प्लेटला अर्धा दिवस लागला. मी आणि आकडेबाई, दोघीही मुखवटे लावून. कपाटाला नवा पंखा.

उंचवटा नाही. आलेख आरशासारखा. गणित आणि माप केसाइतकंही हलत नाही. आयुष्यातलं सर्वांत सुंदर मापन. थंड असताना निरुपद्रवी. तापलं की विष. आणि हे फवारायचं कुठे? जळत्या खोलीत! दार सापडत नाही म्हणून माणसं जिथे चाचपडत असतात, तिथे.

साहेब खूश. "हेच द्या. कंपनीने रेणूचा आकार विचारलाय, तीनशे अंशांवर काय होतं ते विचारलेलं नाही."

"काका इस्पितळात आहेत, साहेब."

"त्याचा खर्च संस्था करेल. हे पाहा, अजून बाजारात कुठे आलंय ते? नुसती चाचणी चाललीय. पुढे त्यांचे लोक बघून घेतील."

मी दोन्ही आलेख एकाच पानावर छापले. खाली माझी सही, शेजारी आकडेबाईची. तिची नोकरी अजून कायम झालेली नाही. म्हटलं, तू नको करूस. तिने पेन माझ्या हातातून ओढूनच घेतलं.

साहेबांना न विचारता कंपनीला पाठवलं. वर लिहिलं — चाचणी ताबडतोब थांबवा.

१७ फेब्रुवारी

उत्तर नाही. साहेबांनी खुलासा मागितलाय, लेखी. दादा म्हणतो, त्याचेही फोन तिथे कुणी घेत नाही.

काका आज चार पावलं चालले. पाचवीला बसले.

१८ फेब्रुवारी

कंपनीतून फोन आला. बाई तरुण होती, फार अदबीने बोलत होती. मी म्हटलं, ती चाचणी थांबवलीत का? कागद चाळल्याचा आवाज आला.

"चाचणी तर मागच्या वर्षीच संपली, मॅडम. तुम्ही कुठल्या ऑर्डरबद्दल विचारताय — शाळांच्या, की दवाखान्यांच्या?"