जोहार केलेला दात

बा, मले हैदराबादेत येऊन तिसरं साल लागलं. जुनी हाडं ठेवतात त्या जागी मी झाडू-फडकं करतो. हजारो वर्सांमागं मेलेल्या माणसाच्या दाताची भुकटी काढून तो कोणाच्या रक्ताचा, त्याचे लोक कुठून आले, हे इथी पाहतात. आत जाताना अंगभर पांढरा झगा, तोंडाले पट्टी, हातात दोन-दोन मोजे. आपल्या अंगाचा कण त्याले लागला तर सारं वाया. काम जड नाई, पण थकून जातो बा. दिवसभर कोणाशी बोलणं नाई, कशाले उघडा हात लावणं नाई.

मागच्या महिन्यात नागभीडकडून एक डबा आला. मोठ्या दगडांखाली खणताना सापडलेला जबडा, त्यात एकच धड दात. दात तपासणाऱ्या मॅडम डबा टेबलावर उघडा ठेवून बाहेर गेल्या होत्या. टेबल पुसता पुसता मले धानोऱ्याच्या रस्त्याचं काम आठवलं. तुह्या कुदळीले कवटी लागते. मुकादम ओरडते, "फेक ना बाजूले! मेलेल्यासंग सोयरीक जुळवून राह्यला काय?" तू कुदळ ठेवतोस, कवटीले हात लावून तो कपाळाले लावतोस. "सोयरा असन बी, तुले काय मालूम?" मंग माह्याकडे वळून, "काऊन रे, बुढ्याले जोहार नाई करत?"

मी मोजे काढले, पट्टी खाली केली. दाताले हात लावून जोहार म्हटलं.

काल निकाल आला. कामावर घेताना आमची सगळ्यांची थुंकी घेऊन ठेवली होती, तिच्याशी जुळवून पाह्यलं. दातात मीच निघालो. नांदेडचा सोबती हसला, "मेलास कधी रे? तेराव्याला जेवायला बोलावलं नाहीस!" मॅडम हसल्या नाईत. भुकटी संपली होती अन् दुसरा दात नव्हता. "काय झालं होतं?" त्यांनी हळूच विचारलं. मी म्हटलं, मोजा फाटला होता. त्या म्हणाल्या, "खरं सांगितलंस, बरं केलंस." त्यापेक्षा हाकललं असतं तर बरं होतं.

मोजा फाटला नव्हता, बा. तू गेलास तवा मी तिसऱ्या दिवशी पोचलो. तुले माती देऊन झाली होती, हात लावायचा राहून गेला. हे मॅडमले कोण्या तोंडानं सांगू? पत्ता असता तरी हा कागद तुले धाडला नसता. तू पहिले हेच विचारशील, "मंग, कोणाचा होता रे तो बुढा?" अन् मले सांगता येणार नाई.