हात न टेकता

पेडगाव

प्रिय संघप्रिया,
सप्रेम जय भीम.

हे पत्र दोन महिन्यांपूर्वीच लिहायला हवं होतं, माफ कर. फोन तीनदा हातात घेतला, पण तुझी आजी जवळच असते आणि माझं तोंड उघडेना. बजरंग मास्तर उद्या तुझ्याकडे यायचे आहेत, त्यांच्या हाती हे देतोय.

माणूस जमिनीवरून कसा उठतो, याचा अभ्यास करायला तू आलीस. आम्हा दोघांच्या कमरेला, गुडघ्याला, घोट्याला लाल टिकल्या चिकटवल्यास आणि मोबाईलवर व्हिडिओ काढलास. रोज उठता तसंच उठा, म्हणालीस. मला मात्र ती भरतीची परीक्षाच वाटली. चौथी शिकलेला माणूस मी. कॉलेजात सगळे बघणार, तिथं नापास कसं व्हायचं? तू येणार हे कळल्यापासून आठ दिवस मी मागच्या खोलीत दार लावून सराव केला. त्या सकाळी दुखण्याच्या दोन गोळ्या खाल्ल्या आणि हात न टेकता दहा वेळा उठलो. तू टाळ्या वाजवल्यास. तू गेल्यावर दोन दिवस खाटेवर पडून होतो. घरात सांगितलं, कणकण आहे.

एरवी मी खाटेचा पाय धरूनच उठतो, बाळ. आजी एक हात भुईला, एक गुडघ्याला लावून सावकाश उठते, तशीच ती तुझ्यासमोर उठली. आणि मी काय केलं? आल्या-गेल्यासमोर तिला चिडवत राहिलो, "माझ्याहून सहा वर्षांनी लहान, अन् चार पायांवर उठायली!" शेजारची सगुणाबाई लय हसली. "तुमी जवान, आमीच म्हाताऱ्या," म्हणून आजीही हसली.

ती घसरून पडली, असं तुला कळवलं होतं. ते खोटं. चुलीपुढून हात न टेकता उठायला गेली आणि तोल गेला, म्हणून मनगट मोडलं.

परवा प्लास्टर निघालं. मी तिला सगळं सांगितलं, गोळ्यांसकट. तिला पटत नाही. "माजं मन राखायला खोटं बोलायलाव. पोरीनं मोबाईलात काढलेलं खोटं आसंल व्हय?" म्हणते. आज सकाळी पुन्हा दोन्ही हात छातीशी धरून उठत होती. मी धरली म्हणून वाचली. तुझ्या अभ्यासातून माझं उठणं काढून टाक. गुरुजनांना माझं नाव घेऊन सांग, लाज राखू नकोस. पण आधी आजीला सांग, की हात टेकून उठण्यात कमीपणा नाही. माझ्या शब्दाला आता वजन नाही, तुझं ती ऐकेल. लवकर कळव, तोवर मी तिच्याजवळून हलत नाही.

तुझाच आजोबा,
दत्तराव