तळाशी ठेवलेलं घड्याळ

४ मार्च, सोमवार

आलं एकदाचं वर! दोन वर्षांपूर्वी ह्याने ध्रुवाकडच्या समुद्रात तळाशी ठेवलेलं तापमापक. जहाजावरून निरोप — "नोंदी शाबूत, बॅटरी मात्र मधेच संपलेली." ते ठेवल्यावर नवव्या दिवशी जहाजावरच ह्याचं हृदय बंद पडलं होतं.

सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "म्हणजे आता त्याचं काम पुरं होईल ना गं?" हो म्हटलं.

७ मार्च, गुरुवार

नोंदी माझ्याच टेबलावर. मोठे साहेब म्हणाले, "दुसऱ्या कुणाला देऊ का?" नको म्हटलं. बारा वर्षं हेच करतेय — दुसऱ्यांच्या नोंदींतल्या चुका शोधणं. घरीही तेच करतेस, असं हा म्हणायचा.

ह्याचं म्हणणं साधं होतं. समुद्र गोठताना मीठ बर्फात जात नाही, मागे राहतं. मग उरलेलं पाणी खारट, गार, जड होऊन बुडी मारतं आणि तळातळाने जगभर पसरतं. पण वाटेत पाण्याखालचा डोंगर आडवा येतो. भरतीत ते जड पाणी डोंगरामागे अडतं, ओहोटीत खिंडीतून कोसळतं, आणि कोसळताना वरच्या कोमट पाण्यात मिसळतं — असं हा म्हणायचा. लोक हसले. "एवढ्या खोलात कसली आलीय ओहोटी!" म्हणून तर खिंडीच्या तोंडाशी ते यंत्र ठेवलं. ओहोटीला गार पाणी दिसलं, की ह्याचं खरं.

११ मार्च, सोमवार

उलटं! गार पाणी दर भरतीला येतंय. ओहोटीला काहीच नाही. पुन्हा सगळं तपासलं.

१२ मार्च

तेच.

१४ मार्च, गुरुवार

मोठे साहेब खुर्ची ओढून शेजारी बसले तेव्हाच कळलं. "वहिनी —" ऑफिसात कधी वहिनी म्हणत नाहीत. "अहवालातून हा भाग काढूया. झाकली मूठ सव्वा लाखाची." म्हणजे त्याचं नावच निघणार. ज्याच्यासाठी गेला, त्यात कुठेच नसणार. सोमवारपर्यंत मुदत मागितली आणि जिन्यात जाऊन रडले.

घरी सासूबाई भाजी निवडत होत्या. "झालं का पुरं?" "होतंय, आई." खोटं बोलले.

शेवटचा फोन आठवत राहिला. यंत्र पाण्यात सोडायच्या आदल्या दिवशीचा. इथे पहाटेचे चार, आणि हा बर्फाच्या गोष्टी सांगतोय! मी खेकसले, "घरी किती वाजलेत याचं तुला कधी भान असतं का?" आणि ठेवून दिला. मग जहाज बर्फात शिरलं, फोन बंद. नऊ दिवस. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सासूबाईंनाही नाही.

१६ मार्च, शनिवार

सुट्टी असूनही ऑफिसात गेले. कॉफी घेऊन भिंतीकडे बघत बसले होते. आमच्या भिंतीवर दोन घड्याळं — एक घरच्या वेळेचं, एक जागतिक वेळेचं. समुद्रातली सगळी यंत्रं जागतिक वेळेवर चालतात, हा आमच्याकडचा पहिला धडा. दोन घड्याळांत फरक साडेपाच तासांचा. भरती-ओहोटीतही साधारण तेवढाच!

सगळ्या नोंदी साडेपाच तास मागे सरकवल्या. हजारावर ओहोट्या, आणि जवळजवळ प्रत्येकीत गार पाणी. बरोबर ह्याने सांगितलं होतं तसं.

म्हणजे यंत्राचं घड्याळ ह्याने घरच्या वेळेवर लावलं? आणि तेही ह्याने! शिकाऊ पोरांना ह्याच चुकीसाठी फाडून खायचा. यंत्राचं घड्याळ तो आपल्या मनगटावरच्या घड्याळावरून लावायचा, आणि बंदर सुटलं की ते पहिल्यांदा जागतिक वेळेवर आणायचा. वीस वर्षांची सवय. यंत्राच्या नोंदवहीतही ह्याच्या अक्षरात — "मनगटावरच्या घड्याळाशी ताडलं. बरोबर."

साहेबांना फोन केला. म्हणाले, "हवं तसं सरकवलं की काहीही जुळतं. बॅटरी संपलेली, यंत्राचं घड्याळ ताडता येत नाही. त्याने असं का करावं? काहीतरी पुरावा दे, मी छापतो."

का करावं — तेच मलाही कळत नाही.

१७ मार्च, रविवार

सासूबाईंना सगळं खरं सांगितलं. फोनचं सोडून. ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "त्याचं खोकं उघडलंस का?"

जहाजावरून आलेलं त्याच्या सामानाचं खोकं. दोन वर्षं कपाटावर आहे, दोरीसकट. दोघींपैकी कुणाचीच छाती झाली नाही. "मला नाही गं बघवणार," म्हणाल्या, "तू बघ."

दिवसभर खोलीत आत-बाहेर केलं. नाही उघडलं.

१८ मार्च, सोमवार

सकाळी दोरी कापली. वर राखाडी स्वेटर, बाहीत गुंडाळलेलं मनगटी घड्याळ. चालू! ते घेऊन स्वयंपाकघरातल्या घड्याळाखाली जाऊन उभी राहिले.

इथे सव्वासात. त्यातही सव्वासात.

ऐकलं होतं त्याने माझं.