मिर्थेच्या पिशवीत काय काय भरलं

प्रिय मिर्थे,

पिशवी उघडलीस की हे पत्र मोज्यांच्या वरच सापडेल. मुद्दाम वर ठेवलंय, कारण तळाशी तू चौथ्या दिवसापर्यंत हात घालणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. चार दिवसांच्या पदयात्रेला पहिल्यांदाच माझ्याशिवाय निघालीस, तेव्हा माझं ऐकून तरी घे. मोजे ओले झाले की लगेच बदल. टाचांना पहाटे निघण्याआधीच चिकटपट्टी लाव, फोड आल्यावर लावून काही उपयोग नाही. नवे बूट घालायचा मोह तुला झालाच असता, म्हणून ते मी काढून घेतलेत. आल्यावर भांड हवं तर.

इन्सुलिन मात्र या पिशवीत ठेवू नकोस. पिशवी दिवसभर मुक्कामाच्या घरी राहणार आणि तू नायमेखन शहराबाहेर भर उन्हात. थंड थैलीत घालून ते कमरेलाच बांध. साखरेच्या गोळ्या दोन्ही खिशांत हव्यात आणि थोड्या तुझ्याबरोबर चालणाऱ्या लिसबेटच्या खिशातही. वाटेत लोक काकडीच्या फोडी पुढे करतील, त्या खुशाल खा, पण काकडीनं साखर चढत नाही, बाई! बाबा दारात उभा राहून हसत होता, 'अगं, पोरगी चालायला निघालीय, तू अख्खा दवाखाना भरतेयस.' मी म्हटलं, 'तू गप बस आणि पिशवीची चेन लाव.' चेन काही त्याला लागेना.

मे महिन्यातला तो सराव माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नदीच्या बांधावर तू मध्येच गवतात बसलीस आणि उगाचच हसायला लागलीस. सायकलवरचा एक माणूस जाता जाता म्हणाला, 'सकाळी सकाळीच झिंगली वाटतं ही!' साखर उतरून तुझे ओठ पांढरेफटक पडले होते. सरबताची बाटली तोंडाला लावली, तर तू माझा हात झिडकारलास. मी तिथं नसते तर? तू हसतेयस म्हणून लिसबेटही हसत बसली असती, याचीच मला धास्ती. म्हणून काल तिला बोलावून सगळं नीट दाखवलं. 'काकू, ऐकलं नाही तर खाली पाडून पाजेन तिला,' म्हणाली. गुणी आहे पोरगी.

आता खरं सांगते. रविवारी जेवताना तू म्हणालीस, 'आई, हे चार दिवस माझा आकडा बघू नकोस ना. एकदा माझी मला चालू दे.' मी भांडी घासायला उठले. तुझ्या दंडावरचं यंत्र शाळेपासून तुझ्या साखरेचा आकडा माझ्या फोनवर पाठवतंय. सहलीला गेलीस, मित्राबरोबर फिरायला गेलीस, तेव्हाही मी तो बघतच होते. तुझं बोलणं ऐकून मला राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. ती अजून गेलेली नाही. पण मघाशी बाबाला शेजारी बसवलं आणि माझ्या फोनवरून तो आकडा दाखवणारं अ‍ॅप काढून टाकलं. चार दिवसांपुरतं नाही, मिर्थे, कायमचं. यापुढे तुझा आकडा फक्त तुला दिसेल.

घाबरलेली, पण तुझीच,
आई